डार्बीशरचे जुने वाडे आणि लिस्टेड इमारती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये मुलाबाळांकडे आलेली मंडळी, इथे नव्याने राहायला आलेली कुटुंबं आणि घर घ्यायला निघालेली जोडपी मला मध्य इंग्लंडमधल्या डार्बीशर या काउंटीबद्दल, म्हणजे जिल्ह्याबद्दल, फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

नाव डर्बीशायर की डार्बीशर?

लिहिताना ‘डर्बी’ दिसतं, पण स्थानिक माणूस ‘डार्बी’ म्हणतो आणि काउंटीला ‘डार्बीशर’. चॅट्सवर्थ या मोठ्या वाड्याशेजारच्या गावाचं स्पेलिंग एडनसॉर असं वाचावंसं वाटतं, पण उच्चार ‘एन्झर’. कॉक ॲबी या वाड्याच्या स्पेलिंगमधला ‘ल’ कुणीच उच्चारत नाही. बसच्या ड्रायव्हरला चुकीचा उच्चार सांगितला तरी तो सांभाळून घेतो. इतक्या वर्षांत त्याची सवय झालेली असते.

कंट्री हाउस म्हणजे आपला वाडाच ना?

बोलताना मीही ‘वाडा’च म्हणतो, पण फरक आहे. आपला वाडा बहुधा गावात किंवा पेठेत असतो. रस्त्याकडे पाठ, आत चौक, सगळा कारभार आतल्या बाजूला. इंग्रजी कंट्री हाउस मोकळ्या रानात उभं असतं, सगळी ऐट बाहेर, आणि चार मैलांवरून दिसावं अशीच त्याची जागा निवडलेली असते. तुलना करायचीच तर जहागिरीशी करा. घर हा त्या जमिनीचा दर्शनी भाग आणि भोवतालची शेतं, कुळांची घरं, जंगल, खाणी हे त्याचं पोट. ती जमीन हातातून गेली की घर उपाशी पडतं. पुढचे बरेच प्रश्न याच गोष्टीपाशी येऊन थांबतात.

‘लिस्टेड’ म्हणजे नेमकं काय? ग्रेड कसे असतात?

ज्या इमारतींना वास्तुशास्त्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्व आहे त्यांची इंग्लंडमध्ये राष्ट्रीय यादी आहे. १९४४ आणि १९४७च्या नगररचना कायद्यांतून ती सुरू झाली आणि आज १९९०चा कायदा लागू आहे. हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्था सल्ला देते, निर्णय संस्कृती खात्याच्या मंत्र्याच्या नावाने होतो. यादीत सुमारे चार लाख नोंदी आहेत. ग्रेड वन सर्वांत वरचा, जेमतेम अडीच टक्के. त्याखाली ग्रेड टू स्टार, सहा टक्क्यांच्या आत. उरलेल्या नव्वद टक्क्यांहून अधिक इमारती साध्या ग्रेड टू.

१७००च्या आधीची इमारत मूळ रूपाच्या जवळपास असेल तर ती यादीत असणारच असं धरून चाला. १७०० ते १८५० मधल्याही बहुतेक आहेत. जसजसं अलीकडे यावं तसतशी निवड कडक होते आणि तीस वर्षांच्या आतली इमारत क्वचितच घेतात.

मुंबईकरांना ही भाषा ओळखीची वाटेल. १९९५च्या हेरिटेज नियमांत मुंबईनेही इमारतींना ग्रेड एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन असे दिले. एक गैरसमज मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. लिस्टेड म्हणजे सरकारी मालकीची नव्हे, आणि लिस्टेड म्हणजे लोकांना बघायला खुलीही नव्हे. कुणाचं तरी राहतं घर असतं ते, आत पलंग आणि वॉशिंग मशीन असतं. कुंपणावरून फोटो काढत उभे राहू नका.

यादीत फक्त वाडे आणि चर्चच असतात का?

मुळीच नाही, आणि मला स्वतःला यादीतला हाच भाग जास्त आवडतो. लाल टेलिफोन बूथ, मैलाचे दगड, पूल, कबरी, गिरण्या, सगळं त्यात आहे. क्रॉमफर्डला रिचर्ड आर्कराइटने १७७१मध्ये पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारली. तिच्या कामगारांसाठी बांधलेली नॉर्थ स्ट्रीटवरची घरांची रांग आजही उभी आहे आणि लिस्टेड आहे. डर्वेंट नदीच्या काठच्या या सगळ्या गिरण्यांच्या पट्ट्याला २००१मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. गिरणगावातल्या चाळींत वाढलेल्या माणसाने वाड्यांच्या आधी नॉर्थ स्ट्रीट बघावा असं माझं मत आहे. खाली राहायच्या खोल्या आणि सर्वांत वर ओळीने खिडक्या असलेला मजला, तिथे विणकर माग चालवायचे. हातमागाच्या देशाला गिरणीच्या सुताने जेरीला आणलं, ते सूत इथून निघायला लागलं.

चेस्टरफील्डच्या चर्चचा कळस पिळवटल्यासारखा वाकडा आहे, तोही ग्रेड वन. दंतकथेत सैतानाने त्याला पीळ घातला. जाणकार ओल्या लाकडाकडे आणि वरून चढवलेल्या शिशाच्या पत्र्यांच्या वजनाकडे बोट दाखवतात.

लिस्टेड घर विकत घ्यावं का?

हा प्रश्न इथे स्थायिक झालेल्यांकडून येतो, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, नोंद ही फक्त दर्शनी भिंतीची नसते. आतला जिना, दारं, चुली, फरशी, सगळं तिच्यात येतं. इतकंच काय, आवारातलं १ जुलै १९४८च्या आधीचं बांधकामही सहसा तिच्यातच धरलं जातं, म्हणजे जुनी कुंपणभिंत आणि परसातली शेडसुद्धा. इमारतीचं स्वरूप बदलेल असं कोणतंही काम करायचं तर स्थानिक नियोजन कार्यालयाकडून ‘लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट’ घ्यावी लागते. परवानगीशिवाय काम करणं हा फौजदारी गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाला वरची मर्यादा नाही.

दुसरी गोष्ट एजंट सहसा आपणहून सांगत नाही. आधीच्या मालकाने विनापरवाना प्लॅस्टिकच्या खिडक्या बसवल्या असतील तर शिक्षा तुम्हाला होणार नाही, पण त्या काढून जुन्या धाटणीच्या बसवायची नोटीस तुमच्या नावाने येऊ शकते. अशा कारवाईला मुदतीचं बंधनही नाही. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने घर घेतलं आणि स्वयंपाकघराची भिंत पाडायचा बेत आखला. ती भिंत घराच्या वयाची निघाली. बेत फाइलीतच राहिला आणि डायनिंग टेबल अजून दाराला घासून जातं.

तिसरी गोष्ट म्हणजे सिमेंट. जुनी इंग्रजी घरं आपल्या जुन्या वाड्यांसारखीच चुन्यात बांधलेली आहेत. चुना ओल शोषतो आणि बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत अडकते, मग दगड फुगतो, पापुद्रे सुटतात. चुन्याचा घाणा पाहिलेल्या आजोबांना हे सांगायची गरज पडणार नाही. इथे मात्र स्वस्तात काम करून देणारा बिल्डर आधी सिमेंटचीच पोती उतरवतो, तेव्हा चुन्यात हात असलेला गवंडी शोधा आणि त्याच्या तारखेची वाट बघा.

कराचाही एक उफराटा प्रकार आहे. नवीन घर बांधलं तर व्हॅट शून्य, पण जुन्या घराच्या दुरुस्तीवर वीस टक्के. लिस्टेड घरातल्या मंजूर बदलांना पूर्वी सूट होती, ती २०१२मध्ये गेली. आणि छपरात वटवाघळं निघाली तर काम थांबतं, कारण त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. हा विनोद नाही.

एवढं ऐकूनही घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्या. अडीच फूट जाडीच्या भिंतीत बसून पाऊस बघण्याचं सुख वेगळंच आहे. फक्त खरेदीआधी नियोजन कार्यालयातल्या कॉन्झर्वेशन ऑफिसरशी बोला आणि यादीतली नोंद स्वतः वाचा. ती ऑनलाइन फुकट आहे.

एकाच काउंटीत इतके मोठे वाडे कसे काय?

जमीन, शिसं, कोळसा आणि एक बाई.

ती बाई म्हणजे बेस ऑफ हार्डविक. बेताच्या जमीनदार घरात जन्मली, चार लग्नं केली आणि दर वेळी आधीपेक्षा श्रीमंत विधवा झाली. दुसरा नवरा विल्यम कॅव्हेंडिश, त्याच्याबरोबर तिने १५५२मध्ये चॅट्सवर्थ बांधायला घेतलं. चौथा श्रूजबरीचा अर्ल. स्कॉटलंडच्या राणी मेरीला कैदेत सांभाळायचं काम पंधरा वर्षं याच नवराबायकोच्या गळ्यात होतं, त्यापायी पैसा गेला आणि संसारही विसकटला. नवरा वारल्यावर, साठी ओलांडलेल्या बेसने १५९०च्या सुमारास हार्डविकला नवा वाडा उभारायला घेतला आणि १५९७मध्ये ती तिथे राहायला गेली. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा. काच महाग असलेल्या त्या काळात भिंतीपेक्षा खिडक्या जास्त, आणि वर जावं तशा त्या उंच होत जातात, कारण सर्वांत मानाचे दिवाणखाने वरच्या मजल्यावर. सहा बुरुजांच्या माथ्यावर दगडात कोरलेली तिची आद्याक्षरं खालच्या हमरस्त्यावरूनही दिसतात.

पण मला बेस कळली ती तिथल्या पडद्यांवरून. बायबलमधल्या गिडियनच्या कथेचे विणलेले प्रचंड पडदे तिने दुसऱ्या एका सरदाराच्या वारसाकडून घेतले. त्यांवर त्या घराण्याची चिन्हं होती. ती बदलावी लागणार म्हणून तिने किमतीतून पाच पौंड कापून घेतले आणि मग त्यांवर आपल्या चिन्हाचे रंगवलेले कापडी तुकडे लावून टाकले. हिशेब म्हणजे हिशेब!

तिच्या मुलांच्या वंशातून पुढे डेव्हनशरचे आणि न्यूकॅसलचे ड्यूक झाले. बोल्सव्हरचा टेकडीवरचा किल्लावजा महालही याच घराण्याचा. काउंटीतल्या अर्ध्या वाड्यांची वंशावळ काढायला बसलात तर कागद कुठेतरी बेसपाशी पोहोचतो.

चॅट्सवर्थमध्ये अजून डेव्हनशरचे ड्यूक राहतात का? एवढा खर्च कोण करतं?

राहतात. पण घर, बाग आणि भोवतालचं पार्क १९८१मध्ये स्थापलेल्या धर्मादाय न्यासाकडे आहे.

हे असं का झालं ते समजून घेण्यासारखं आहे. दहाव्या ड्यूकचा थोरला मुलगा १९४४मध्ये युद्धात मारला गेला. (त्याची बायको जॉन केनेडींची बहीण कॅथलीन. तिची कबर एडनसॉरच्या चर्चच्या आवारात आहे. राष्ट्राध्यक्ष केनेडी १९६३मध्ये तिथे येऊन गेले.) मग वारसा धाकट्याकडे वळवायची व्यवस्था झाली. करातून सुटण्यासाठी त्यानंतर ड्यूकने पाच वर्षं जगायला हवं होतं. नोव्हेंबर १९५०मध्ये ते गेले तेव्हा मुदत भरायला काही आठवडेच उरले होते. ८० टक्के मृत्युकर बसला. जमिनी विकल्या, चित्रं आणि ग्रंथ राष्ट्रीय संग्रहांकडे गेले आणि हार्डविक हॉल कराच्या बदल्यात सरकारजमा होऊन १९५९मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला. देणं फिटायला १९७०चं दशक उजाडलं. आज चॅट्सवर्थला जे फार्म शॉप, खेळाचं मैदान आणि चहाची दुकानं दिसतात त्यांच्यामागे हा हिशेब आहे. ‘काय बाजार मांडलाय’ असं आपली मंडळी म्हणतात, पण बाजार मांडला म्हणून छप्पर गळायचं थांबलं.

जळगावच्या केळ्यांचा चॅट्सवर्थशी संबंध आहे म्हणतात. खरं?

नावापुरता, पण पक्का. सहाव्या ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन. त्याने मॉरिशसहून आलेलं एक केळीचं रोप काचघरात वाढवलं. ते १८३५मध्ये फुललं आणि पुढच्या वर्षी त्याला घड लागला. मालकाच्या आडनावावरून जातीला ‘कॅव्हेंडिश’ नाव पडलं. मूळ केळी चीनकडची. इथली रोपं मिशनऱ्यांबरोबर सामोआपर्यंत गेली. आपल्याकडची बसराई ही याच कॅव्हेंडिश गटातली बुटकी जात, आणि रावेर-यावलच्या बागांत आज दिसणारी ग्रँड नैनही त्याच गटातली. खानदेशातली केळी चॅट्सवर्थहून आली असं मात्र कुणी सांगितलं तर मान डोलावू नका.

याच पॅक्स्टनने तिथे अवाढव्य काचगृह बांधलं आणि तो अनुभव १८५१च्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेससाठी वापरला. चॅट्सवर्थचं काचगृह कोळशाच्या भट्ट्यांवर गरम राहायचं. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं मेली आणि १९२०मध्ये ते सुरुंग लावून पाडलं. जिथे ते होतं तिथे आता यू झाडांच्या कुंपणांचा चक्रव्यूह आहे, मुलं त्यात रमतात.

लॉर्ड कर्झनचं घर बघावं का?

बघावंच, आणि मनात राग घेऊन गेलात तरी चालेल.

डार्बी शहराजवळचं केडलस्टन हॉल हे कर्झन घराण्याचं. हे घराणं बाराव्या शतकापासून तिथे आहे. आजची इमारत १७५९पासूनची, शेवटचा हात रॉबर्ट ॲडमचा. मधल्या दिवाणखान्यात अलाबास्टरचे वीस खांब आहेत. ऐटीत भर पडावी म्हणून शेजारचं गावच उठवून दुसरीकडे वसवलं, फक्त जुनं चर्च राहिलं. मूळ नकाशात चार कोपऱ्यांना चार बाजूघरं होती, त्यातली दोनच बांधून झाली. गव्हर्नर जनरल वेलस्लीने १७९९मध्ये कोलकात्याला गव्हर्न्मेंट हाउस बांधायला काढलं तेव्हा केडलस्टनचाच नमुना घेतला, आणि तिथे मात्र चारही बांधली. पैसा कंपनीचा, म्हणजे कोणाचा ते सांगायला नको. जॉर्ज कर्झन १८५९मध्ये पहिल्या घरात जन्मला आणि चाळिशीत व्हाइसरॉय म्हणून दुसऱ्यात राहायला गेला.

तळमजल्यावर त्याचं ‘ईस्टर्न म्युझियम’ आहे. हस्तिदंत, शस्त्रं, चांदी, कापड, काही भेटी, काही खरेद्या. १९०३च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झनने घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा पोशाखही याच घरात आहे. ते जरीकाम भारतीय कारागिरांचं. तिथे मी सर्वांत जास्त वेळ थांबतो. नॅशनल ट्रस्टने २०२०मध्ये आपल्या वास्तूंच्या वसाहतवादाशी असलेल्या संबंधांचा अहवाल काढला तेव्हा केडलस्टन त्यात होतंच, आणि इथल्या वर्तमानपत्रांत त्यावरून बराच धुरळा उडाला.

वंगभंगाचा कर्झन आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पण १९०४चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदाही त्याच्याच कारकिर्दीतला आणि पुरातत्त्व खात्याची घडी त्यानेच नीट बसवली. मायदेशी परतल्यावर लिंकनशरमधला टॅटरशल किल्ला मोडीत निघाला होता, तो त्याने १९११मध्ये विकत घेतला आणि विकल्या गेलेल्या कोरीव शेकोट्या परत मिळवल्या. त्या प्रकरणाने हवा तापली आणि १९१३मध्ये ब्रिटनमध्ये स्मारकांचा कडक कायदा आला. स्वतःच्या देशाच्या आधी त्याने तसा कायदा भारतात राबवला होता, ही गंमत केडलस्टनच्या पायऱ्या चढताना आठवते.

सगळ्यात कमी बदललेला वाडा कोणता?

हॅडन हॉल आणि कॉक ॲबी. दोन्ही वाचले ते दुर्लक्षामुळे.

हॅडन बेकवेलजवळ, वाय नदीच्या वरच्या उंचवट्यावर. मालक रटलंडचे ड्यूक १७००च्या सुमारास दुसऱ्या मोठ्या घरी राहायला गेले आणि हे जवळजवळ दोनशे वर्षं बंद पडलं. शेजारीपाजारी श्रीमंत लोक जुनी घरं पाडून ग्रीक खांबांची नवी बांधत होते, तेव्हा इथे कुणी खिळासुद्धा ठोकला नाही. म्हणून मध्ययुगातलं स्वयंपाकघर, झिजलेले ओटे, प्रार्थनागृहातली भिंतीचित्रं तशीच राहिली. १९२०च्या दशकात नवव्या ड्यूकने हळुवार हाताने दुरुस्ती केली. डोरोथी व्हर्नन इथूनच प्रियकराबरोबर पळाली अशी गोष्ट सांगतात. गोष्ट म्हणून ऐका. हार्डविकचंही असंच आहे. घराण्याने चॅट्सवर्थला मुक्काम हलवला नसता तर बेसची खोली आज ओळखू आली नसती.

कॉक ॲबी ही ॲबी नाही. वाडा १७०१ ते १७०४चा, मालक हारपर-क्रू घराणं, माणूसघाणं म्हणून प्रसिद्ध. वीज १९६२मध्ये आली. खोली सामानाने भरली की दार लावून पुढच्या खोलीत राहायला जायचं, असा त्यांचा खाक्या. १९८५मध्ये ट्रस्टने ताबा घेतला तेव्हा एका पेटीत अठराव्या शतकातला चिनी रेशमाचा राजेशाही पलंग निघाला, कधी मांडलाच नव्हता, त्यामुळे रंग ताजे. ट्रस्टने तिथे दुरुस्ती केली पण नूतनीकरण केलं नाही. सोललेला वॉलपेपर, पेंढा भरलेले पक्षी, मोडक्या खुर्च्या तशाच ठेवल्या. आमच्या काकू म्हणाल्या, ‘आपल्या माळ्यावर तिकीट लावलं असतं तर!’

वाचले नाहीत त्यांचं काय?

इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात हजाराहून जास्त कंट्री हाउस पाडली गेली. शेतीचं उत्पन्न घसरलं, मृत्युकर वाढले, वारस युद्धांत गेले, नोकर मिळेनात. यादी होती, पण मालकाला अडवायला दात नव्हते. ते १९६८च्या कायद्याने दिले.

सटन स्कार्सडेल हॉल जाऊन बघा. १७२०च्या दशकातला डौलदार वाडा, १९१९मध्ये मोडीच्या व्यापाऱ्यांनी घेतला. छप्पर गेलं, भिंतींवरच्या लाकडी फळ्या आणि खोल्याच्या खोल्या समुद्रापार विकल्या, काही आज फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात मांडलेल्या आहेत. उरलेला सांगाडा पाडायच्या बेतात असताना १९४६मध्ये लेखक ऑस्बर्ट सिटवेलने विकत घेऊन वाचवला. आत गेलात तर वर आभाळ आणि भिंतीवर चिकटून राहिलेली गिलाव्याची फुलं.

डर्वेंट हॉल तर गावासकट गेला. लेडीबावर धरणाच्या पाण्याखाली १९४०च्या दशकात डर्वेंट आणि ॲशॉप्टन ही गावं बुडाली. कडक उन्हाळ्यात पाणी आटलं की पायाचे दगड वर येतात आणि लोक बघायला गर्दी करतात. उजनीत पळसदेवचं देऊळ वर आल्यावर इंदापूरकडे होते तशीच.

कुणाचं तिकीट कुठे चालतं?

हार्डविक, केडलस्टन, कॉक आणि सडबरी नॅशनल ट्रस्टकडे. बोल्सव्हर, सटन स्कार्सडेल आणि हार्डविकच्या आवारातला जुना पडका वाडा इंग्लिश हेरिटेज या दुसऱ्या संस्थेकडे. चॅट्सवर्थ आणि हॅडनचं तिकीट स्वतंत्र. एकाचं सदस्यत्व दुसऱ्याकडे चालेलच असं नाही, निघण्याआधी वेबसाइट बघा. हिवाळ्यात बऱ्याच ठिकाणी घर बंद आणि फक्त बाग उघडी असते.

दोन दिवसांत काय बघावं? आई-बाबा सोबत आहेत.

एक दिवस चॅट्सवर्थ आणि हॅडन, मध्ये बेकवेलला जेवण. दुसऱ्या दिवशी हार्डविक किंवा केडलस्टन, दोन्ही नको. पाय बोलायला लागतात. हार्डविकचे दिवाणखाने वरच्या मजल्यावर आहेत हे गुडघेदुखीवाल्यांनी लक्षात घ्यावं. चॅट्सवर्थच्या पार्कमध्ये पायी फिरायला तिकीट लागत नाही, नदीकाठी डबा उघडून बसता येतं. मेंढ्या जवळ येतात, पोळी देऊ नका.

आत खोल्यांमध्ये अंधार का असतो, आणि बसायचं कुठे?

पडदे मुद्दाम ओढलेले असतात, उजेडाने रेशीम आणि रंग विटतात. बहुतेक ठिकाणी फ्लॅशशिवाय फोटो काढू देतात. खुर्चीवर पाइनचं बोंड किंवा काटेरी वाळकं फूल ठेवलेलं दिसलं तर ते सजावटीसाठी नाही, ‘इथे बसू नका’ असा तो निरोप आहे. बोंड नसलेली खुर्ची शोधा, किंवा खोलीतल्या स्वयंसेवक आजींना विचारा. त्या जागाही दाखवतील आणि घराण्याची भानगडही सांगतील.